फोटो येईपर्यंत

१८ नोव्हेंबर

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने ऑगस्टमध्ये आमची अख्खी टीम घरी पाठवली. तेव्हापासून मी हिंगोलीत आईच्या घरात, आईच्या नियमांत राहते आहे. डायरी लिहायची वेळ यावी इतकं इथे बोलायला कोणी नाही. आईशी बोललं की भांडण होतं. नीलांबरीताईशी बोललं की ती शांतपणे ऐकून घेते, आणि ते भांडणापेक्षा वाईट.

भांडणाचा विषय एकच. ताई तेहतीसची आहे, मी एकोणतीसची. माझं आणि स्वानंदचं पुण्यात दोन वर्षांपूर्वीच ठरलंय. त्याचे आईवडील तयार आहेत, आमची गंगूताई, म्हणजे आई, तयार नाही. "थोरली बसलेली असताना धाकटीचा मांडव घालू व्हय? लोकांचं सोड, माझंच मन होत न्हाई," एवढं म्हणून ती पोळ्या लाटत राहते. स्वानंदच्या घरच्यांनी आता जानेवारीअखेरची मुदत दिली आहे. तोवर तारीख कळवा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघू द्या. म्हणजे ताईचं ठरलं तर माझं ठरणार, आणि ताईचं राहिलं तर माझंही गेलं.

चार वर्षं ताईचं नाव आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळात आहे. स्थळ क्रमांक ४१८. ती दहावीच्या मुलांना गणित शिकवते, वर्षाला सत्तर मुलं तिच्या हाताखालून जातात, पण लग्नाच्या बाजारात गणित कोण विचारतो. ती काळी आहे. आई 'सावळी' म्हणते, मंडळाच्या फॉर्मवर 'निमगोरी' लिहिलंय. मी लिहिते आहे ते खरं.

आज मंडळाच्या विष्णुपंतांकडे जाऊन त्यांची वेबसाइट सुधारायचं काम मागून घेतलं. पुण्य कमवायला नाही. ४१८ नंबर लोकांच्या डोळ्यांपुढे नीट यावा म्हणून.

२१ नोव्हेंबर

विष्णुपंत कोर्टात कारकून होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी समोरच्याकडे पुढची तारीख मागायला आलेल्या पक्षकारासारखं बघतात. वेबसाइट कोणा हौशी मुलाने करून दिलेली. सहाशे चाळीस स्थळं, आणि प्रत्येकाचा मोबाइलमधून उचलून तसाच टाकलेला अवाढव्य फोटो. पान उघडलं की सगळे फोटो एकदम निघतात आणि दारातच अडकतात. गावाकडचा माणूस दोन मिनिटं वाट बघतो आणि बंद करतो.

"आमच्या वेळी ही तकलीफ नव्हती," विष्णुपंत म्हणाले. त्यांच्या वेळी एक लोखंडी कपाट होतं. मुलाकडचे आले की आधी माहितीचं कार्ड त्यांच्या हातात द्यायचं. शिक्षण, नोकरी, घरात कोण कोण, स्वभाव. मग चहा. कार्ड वाचून कोणी दोन प्रश्न विचारले, तरच कपाट उघडून फोटोचं पाकीट काढायचं. "आधी फोटो दिला की कार्ड कोणी वाचत न्हाई," म्हणाले.

मी म्हटलं, "काका, लोकांना आता एवढा वेळ नाही."

"लग्नाला वेळ न्हाई?"

मी लॅपटॉप उघडला. अशा डोक्यांमुळेच आपला जिल्हा आहे तिथे आहे.

काम मात्र सोपं आहे. फोटो सगळे एकदम आणायचेच नाहीत. माणूस अंगठ्याने यादी वर सरकवत जातो, तसतसे जे नजरेच्या टप्प्यात येतील तेवढेच आणायचे. आमच्या धंद्यात याला लेझी लोडिंग म्हणतात. आणि आणण्याचं काम पानाने स्वतः करायचं नाही, पडद्यामागे एक वर्कर ठेवायचा. वर्कर म्हणजे वेगळा चालणारा छोटा प्रोग्राम. तो गुपचूप रांगेतले फोटो एकेक आणतो, बारीक करतो आणि पानाच्या हाती देतो, त्यामुळे पान अडकत नाही. एखादा फोटो यायच्या आत अंगठा पुढे गेला तर वर्कर त्याचा नाद सोडतो आणि पुढच्याच्या मागे लागतो.

आठवड्यात होईल. ताईला सांगितलं तर म्हणाली, "छान." बस, एवढंच.

२९ नोव्हेंबर

नवी वेबसाइट सुरू झाली. आमच्या घरच्या वायफायवर फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत येतात. विष्णुपंतांना दाखवलं, त्यांनी चष्मा पुसला, तीच त्यांची दाद.

संध्याकाळी कनेरगाव नाक्याहून मनकर्णामावशीचा फोन. ही आईची चुलत बहीण, स्वतःच्या मुलाचं झालं आता पुतण्यासाठी बघते आहे. दिवसभर तिला दुसरं काम नसावं. "गुंजे, नुसते राखाडी चौकोन दिसून राहिलेत. पोरी कुठं गेल्या?" तिच्याकडे नेटवर्क रडतखडत येतं. फोटो येईपर्यंत तिथे रिकामी चौकट दिसते, आणि मावशीला वाटलं वेबसाइट बिघडली.

तिला वैतागून काहीतरी बोलले. पण मुद्दा बरोबर होता. राखाडी चौकटींची यादी मेल्यासारखी दिसते, लोक पळून जातात. त्यावर उपाय आहे. प्रत्येक फोटोतला सरासरी रंग आधीच काढून ठेवायचा आणि फोटो येईपर्यंत चौकट त्या रंगाने भरायची. रंगाला वजन नसतं, कितीही रडक्या नेटवर्कवर तो तत्काळ येतो. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी येतंय.

२ डिसेंबर

रंग टाकले आणि पान साडीच्या दुकानासारखं दिसायला लागलं. मोरपंखी, राणी, जांभळा, लाल. कारण सगळ्या पोरी कोणाच्या तरी लग्नातल्या साडीवर. विष्णुपंत म्हणाले, "हे काय, बस्ता बांधायला बसलो काय आपण?" पहिल्यांदाच त्यांचं पटलं.

मग रंग अख्ख्या फोटोतून न घेता फक्त चेहऱ्यातून घेतला. चेहरा शोधणारा तयार प्रोग्राम असतो, तो वर्करला जोडला. एक दिवस गेला पण काम झोकात झालं. आता पान कसं एकसारखं, शांत दिसतंय. सगळ्या गव्हाळ, बदामी, तपकिरी छटा. डोळ्याला त्रास नाही. पुण्याच्या माझ्या टीममध्ये असतं तर यावर सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं असतं. इथे आई म्हणाली, "झालं असलं तर कोथिंबीर निवड."

९ डिसेंबर

आज एक आणखी सुधारणा. वर्करला शहाणं केलं. ज्या चौकटीवर लोकांचा अंगठा थांबतो, तिचा फोटो पुढच्या वेळी आधी आणायचा. जिच्यावरून अंगठा न थांबता जातो ती रांगेत मागे. लोकांना हवं ते लोकांना आधी. आता मनकर्णामावशीलाही पहिले फोटो लगेच दिसतात. तिने फोन करून आशीर्वाद दिला. "आता कसं, बराबर."

वेबसाइट रोज उघडणारे तिप्पट झाले आहेत. बारा-पंधरा स्थळांचे निरोप सुरू झाले. ४१८ ला एकही नाही. सगळ्यांना मिळतं तेच तिलाही मिळालं आहे, आणखी मी काय करायचं. फोटो मी स्वतः निवडला होता, मावसभावाच्या लग्नातला, चांगला हसरा.

ताई रात्रीचं जेवून वह्या तपासत बसते. लाल पेनाने टिकमार्क करताना ती गुणगुणते. इतकं निवांत कसं राहता येतं एखाद्याला, जेव्हा तिच्या निवांतपणाची किंमत दुसरं माणूस मोजतंय.

१६ डिसेंबर

आज मी बोलले. तीन आठवडे गिळत होते.

आईने जिंतूरचं स्थळ आणलं. देवस्थानच्या पूजेचं घर. बिजवर, वय शेहेचाळीस, दोन मुली. अट एकच, सुनेने बाहेर काम करायचं नाही, घरात सोवळंओवळं असतं. ताईने पाणी प्यायलं आणि म्हणाली, "न्हाई आई. मला क्लास सोडायचा न्हाई."

आई गप्प. ती ताईपुढे नेहमी गप्प होते. माझ्यापुढे नाही.

मी मोबाइल काढला. वेबसाइटच्या नोंदी माझ्याकडे असतात. म्हटलं, "तुला वाटतं तुझ्यासाठी रांग लागली आहे? ऐक. पंधरा दिवसांत चौतीसशे वेळा तुझी चौकट लोकांच्या अंगठ्याखालून गेली. त्यातून तुझा फोटो किती वेळा बघितला गेला? अकरा."

आई म्हणाली, "गुंजे, पुरे."

ताईने लगेच हिशेब केला, खडू हातात असल्यासारखी बोटं हलली. "तीनशे नऊतला एक," ती म्हणाली. मग विचारलं, "बराबर मोजलंस ना?"

"मी नाही मोजलं. मशीन मोजतं. मशीनचं तुझ्याशी काही वाकडं नाही."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग ओढणी घडी करून खुंटीला लावली आणि वह्या घेऊन आत गेली. आज गुणगुणली नाही.

मला वाईट वाटलं असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू. हलकं वाटलं. कोणीतरी तिला आरसा दाखवायलाच हवा होता.

१९ डिसेंबर

ताईने जिंतूरला होकार दिला. सकाळी चहा घेताना, पेपर वाचत वाचत. "आई, त्यांना कळव. हो म्हण." आई रडली. आनंदाने की कशाने, विचारलं नाही.

पौष संपल्यावर साखरपुडा, २५ जानेवारी. स्वानंदला फोन केला. तो म्हणाला, "मग एक फेब्रुवारीला आईबाबांना घेऊन येतो." मी मुठीत ओढणी धरून गच्चीत दोन चकरा मारल्या. सगळं जमलं.

४ जानेवारी

ताईने क्लासच्या मालकांना सांगून टाकलं, प्रिलिम झाली की सोडते. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना शिक्षक सोडतो हे पोरांच्या घरच्यांना आवडलेलं नाही. तिघी आया घरी येऊन गेल्या. पुसेगावची रूपाबाई तर दारातच बसली. "बाई, माझं लेकरू तुमच्यामुळं गणिताला भेत न्हाई. चार महिने थांबा की." ताई म्हणाली, "मला थांबता येत न्हाई हो." मग माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही हे मला कळतं.

तिला हुतात्मा व्हायचंय. होऊ दे. शेहेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही, माणूस सभ्य आहे, घर मोठं आहे. पोरं काय, दुसरा शिक्षक शोधतील.

११ जानेवारी

मंडळाचा मेळावा. स्टेशनजवळच्या मंगल कार्यालयात चारशे माणसं. स्टेजवर उमेदवार माइक धरून स्वतःची माहिती सांगतात, खाली कोणी ऐकत नाही, सगळे मोबाइलमध्ये वेबसाइट बघतात. एका वेळी चारशे मोबाइल, नेटवर्क पार बसलं. विष्णुपंतांनी मला कोपऱ्यात खुर्ची दिली होती, कोणाला अडचण आली तर सांगायला.

मनकर्णामावशी शेजारी येऊन बसली. पुतण्यासाठी बघत होती. मी सहज तिच्या हाताकडे बघितलं. पडद्यावर फोटो नव्हतेच, नुसत्या माझ्या चौकटी. गव्हाळ, बदामी, तपकिरी. अंगठा सपासप चाललेला. फिक्या रंगाची चौकट आली की थांबायचा, फोटो येईपर्यंत वाट बघायचा. गडद आली की पुढे. पुढे. पुढे.

मी विचारलं, "मावशी, फोटो यायच्या आधीच पुढं काहून जाऊन राहिली?"

तिने माझ्या पाठीवर हात फिरवला. "अगं, लई चांगली सोय केलीस पोरी. आधीच्या त्या राखाडी चौकोनात काही समजायचं न्हाई. आता फोटो यायच्या आधीच कळतं की कोण गोरी हाय ते. टाइम वाचतो."

पलीकडच्या दोन बायकांनी माना हलवल्या. एक म्हणाली, "व्हय, आमच्याकडं पण तसंच करून राहिलेत सगळे."

तेवढ्यात मावशीच्या अंगठ्याखालून एक गडद चौकट गेली. खाली बारीक अक्षरांत ४१८. मावशी स्वतःच्या भाचीवरून पुढे गेली आणि तिला कळलंही नाही.

१२ जानेवारी

सकाळपासून नोंदी काढून बसले. सगळं स्वच्छ दिसतंय. शंभर मुलींचे रंग फिक्याकडून गडदकडे लावले. पहिल्या पन्नासांचे फोटो शेकड्याने बघितले गेले. शेवटच्या वीसांचे जवळजवळ नाहीतच. लोक थांबत नाहीत म्हणून वर्कर त्यांना मागे टाकतो. मागे टाकलेले फोटो उशिरा निघतात म्हणून लोक आणखी थांबत नाहीत. अंगठा पुढे गेला की वर्कर नाद सोडतो. फोटो निघतच नाही. त्या वीस जणींना कोणी नापसंत केलेलं नाही. त्यांना कोणी बघितलेलंच नाही.

मी केलं हे सगळं. आधी फक्त राखाडी होतं, कोणाला काही कळत नव्हतं. साडीचा रंग होता तेव्हाही कळत नव्हतं. चेहऱ्यावर मीच आणलं, पान शांत दिसावं म्हणून.

ताईचे अकरा तपासले. सात आईच्या मोबाइलवरून, सगळे सकाळी सहाच्या सुमाराला. देवपूजेच्या आधी ती ताईचा फोटो उघडून बघते. तीन माझ्या मोबाइलवरून. बाहेरच्या माणसाचा एक.

मला माझाच इतका राग आला की ताट तसंच सरकवून उठले. मग विचार केला की राग करून काय होणार. कोड दुरुस्त करता येतो.

१३ जानेवारी

दुरुस्त केला. चौकटीचा रंग काढून टाकला, सगळ्यांना एकच फिका निळा. फोटो येईपर्यंत त्यात नाव, गाव, शिक्षण आणि काम दिसतं. वर्करची हुशारी बंद, रांग रोज उलटसुलट. विष्णुपंतांना मी काही सांगितलं नाही, फक्त नवं रूप दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "हे कार्ड झालं की गं," म्हणाले. मी म्हटलं, "हो, तसंच काहीतरी."

ताईला सांगायचं नाही असं ठरवलं. कारणं लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझी मलाच शंका यायला नको. एक, साखरपुडा बारा दिवसांवर आहे, माणसं बोलावून झाली. दोन, तिने होकार स्वतः दिला, मी तिचा हात धरला नव्हता. तीन, आता सांगून तिला फक्त त्रास होईल. चौथं कारण स्वानंद आहे, पण पहिली तीन पुरेशी आहेत.

१७ जानेवारी

चार दिवसांत ताईचा फोटो एकशे बारा वेळा बघितला गेला.

दुपारी विष्णुपंतांचा फोन. "४१८ साठी दोन निरोप आलेत. एक सोड, पण दुसरा चांगला आहे. वसमतचा मुलगा, ज्युनियर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतो, वय पस्तीस. त्याने विचारलंय, मुलगी लग्नानंतर शिकवणं चालू ठेवील ना, मला शिकवणारीच हवी. काय कळवू?"

मी म्हणाले, "काका, तिचं ठरलंय. जिंतूरला. कळवून टाका."

"अरे वा. मला आधी सांगायचं. नोंद काढायची का मग?"

"राहू द्या. साखरपुडा झाला की काढू."

फोन ठेवल्यावर हात धुतले. हात स्वच्छच होते.

२४ जानेवारी

लिहिते जसं झालं तसं.

मनकर्णामावशी उद्याच्या तयारीला आली होती. लाडू वळता वळता ताईला म्हणाली, "नीले, तुझा फोटो आत्ता आत्ता दिसायला लागला बघ मोबाइलात. आधी नुसता काळा चौकोन असायचा, आमी पुढंच जायचो. मला काय ठाव तो तुझा हाय. छान आलाय गं. तो वसमतचा पोरगा पण विचारत होता म्हणे, विष्णुपंत सांगत होते."

मावशीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्या कधीच काही मनात नसतं.

ताईने लाडू ताटात ठेवला, हात पुसले आणि मला म्हणाली, "आत ये."

आत गेल्यावर तिने दार लावलं नाही. आई आणि मावशी ऐकत होत्या.

"काळा चौकोन काय होता?"

मी सांगितलं. रंग, रांग, वर्कर, सगळं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मग ज्यांच्यापुढं फोटो आलाच न्हाई, त्यांना न बघणाऱ्यांत कसं धरलंस? तीनशे नऊतला एक चूक होतं."

"हो."

"तुला कळलं कधी?"

"अकराला. मेळाव्यात."

"बदललंस कधी?"

"तेराला."

"वसमत?"

"सतराला."

"आज चोवीस," ती म्हणाली. मुलाला पायरी चुकलेली दाखवताना वापरते तोच आवाज.

मी म्हणाले की मुद्दाम केलं नव्हतं, रंग निवडणारा प्रोग्राम तयार मिळतो, अशा चुका मोठमोठ्या कंपन्यांकडून होतात. ती म्हणाली, "चौकोन मुद्दाम न्हाई केलास, मला माहीत आहे. तू मला त्या दिवशी आकडा सांगत होतीस ना, तेव्हा मी आकड्याकडं न्हाई बघितलं. तुझ्याकडं बघितलं. तू खूश होतीस. मला वाटलं, माझी बहीण एवढी खूश होऊन सांगतेय म्हणजे खरंच असणार, आणि मी घरात एवढी नकोशी झालेय तर गेलेलं बरं."

मी म्हणाले, "मी खूश नव्हते."

तिने मोबाइल हातात घेतला.

मग तिने आमच्यासमोरच जिंतूरला फोन लावला. आवाज चढवला नाही, रडली नाही. "मी घाईत हो म्हणाले. चूक माझी आहे, माझ्या आईची न्हाई. मुलींना माझ्याकडून सॉरी सांगा." तिकडून बरंच बोलणं झालं असावं, ती उभी राहून सगळं ऐकत होती. दुसरा फोन क्लासच्या मालकांना. आई दारात बसून राहिली. मावशी लाडवांचं ताट हातात घेऊन उभी.

मी म्हणाले, "वसमतला मी स्वतः फोन करते. सांगते त्यांना."

"नको. तू मांडलेल्या यादीतून मला कोणी नको. माझं नाव काढ. आत्ता."

मी मोबाइलवर ४१८ उघडला. स्थळ काढताना 'नक्की काढायचं का' असा प्रश्न येतो, तोही मीच लिहिलेला. ती शेजारी उभी राहून बघत होती. मी हो दाबलं.

"आता तुझं," ती म्हणाली. "आई, हिचं लग्न कर. मी बसलेली न्हाई, मी शिकवून राहिले. माझ्यामुळं हिला अडवू नको." मग माझ्याकडे वळून, "पण मला अक्षता टाकायला बोलवू नको. मी येणार न्हाई."

आई म्हणाली, "असं काहून बोलतीस गं, सख्खी बहीण आहे तुझी." ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चप्पल घालून बाहेर गेली. मला काय म्हणायचं होतं ते आता आठवत नाही. मला तिचा राग आला होता, एवढं आठवतं. माझ्यावर एकदा ओरडली असती तर काय बिघडलं असतं.

१ फेब्रुवारी

स्वानंद आईवडिलांना घेऊन आला. आई सकाळपासून एका शब्दानेही नाही म्हणाली नाही. जे तीन महिने मागत होते ते सगळं मिळालं, तारीखसुद्धा, मे महिन्यातली. ताई रविवारचा जादा तास आहे म्हणून नऊलाच गेली होती. स्वानंदच्या आईने विचारलं, "थोरल्या कुठे आहेत?" आई म्हणाली, "शिकवायला गेलीय. तिचे विद्यार्थी फार." हे सांगताना आईचा आवाज चांगला होता.

पोहे खाताना स्वानंदच्या आईने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "आम्ही तर स्वानंदच्या मोबाइलमध्ये फोटो बघितला तेव्हाच पसंत केली होती हो. काही विचारलंच नाही पुढे. रंग बघा ना पोरीचा."

स्वानंद हसला. सगळे हसले. आईने खाली बघितलं.

मला तेव्हा ताईची आठवण आली. मी थँक्यू म्हणाले आणि त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.